बदामाचे सारण आणि दोन उपवास

आमच्या फ्रेंचच्या वर्गात दर डिसेंबरात एक छोटासा खाद्यमेळावा भरतो. क्रियापदांच्या रूपांना कंटाळून तासाला दांडी मारणारी मंडळीही त्या दिवशी वेळेवर हजर असतात! गेल्या खेपेस माझ्या वाट्याला फळांचा टार्ट आला. टार्ट म्हणजे खुसखुशीत पारीची उथळ वाटी, तिच्यात सारण आणि वर फळांच्या फोडी. पॅरिसमधल्या बुर्दालू रस्त्याचे नाव लाभलेला नाशपातीचा टार्ट या घराण्यात विशेष नावाजलेला. त्यातले बदामाचे सारण, तेच फ्रांजिपान.

हे नाव ऐकून आपल्या देवळापुढचा पांढरा चाफा कुणाला आठवला, तर त्यात चूक नाही. इंग्रजीत त्या चाफ्याला फ्रांजिपानीच म्हणतात. फ्रांजिपानी हे इटलीतले एक जुने सरदार घराणे. त्यातल्या एकाने हातमोज्यांना लावायचे सुगंधी द्रव्य तयार केले, असे सांगितले जाते. पुढे अमेरिका खंडातून आलेल्या चाफ्याचा वास त्या द्रव्यासारखा वाटला म्हणून फुलाला ते नाव मिळाले आणि बदामाच्या सुवासिक सारणालाही तेच चिकटले. सारणात चाफा मात्र औषधालाही नसतो.

नावापर्यंत सारे सोपे होते. अडचण पाहुण्यांची होती. माझी धाकटी मावसबहीण त्या दिवशी आमच्याकडे येणार होती. तिला सिलिअ‍ॅक हा विकार आहे. गहू, जव, राय यांतले ग्लूटेन पोटात गेले की तिचे स्वतःचे शरीरच आतड्याच्या अस्तरावर उलटते. हा लहरीचा किंवा पथ्याच्या फॅशनचा प्रश्न नव्हे. एका बेकरीतून ‘गव्हाशिवाय’ म्हणून आणलेल्या केकच्या एका तुकड्याने तिला तीन दिवस अंथरुणात ठेवले होते. तेव्हापासून वाढदिवस असो की लग्न, ती आपला डबा घेऊन जाते आणि कोपऱ्यात बसून खाते. दुसरी पाहुणी माझी वर्गमैत्रीण. ती दूध, तूप, अंडे, मध यांपैकी काहीच घेत नाही, म्हणजे व्हीगन. मला दोघींना एकाच ताटातले वाढायचे होते.

आता मूळ सारण पाहा. बदामाची पूड, साखर, लोणी आणि अंडी साधारण समभाग, शिवाय चमचाभर मैदा. काही आचारी त्यात दूध-अंड्याची शिजवलेली क्रीमही मिसळतात. म्हणजे माझ्या पाहुण्यांपुढे यातले बदाम आणि साखर एवढेच उरत होते! पहिल्या प्रयत्नात मी भाबडेपणाने लोण्याऐवजी तेल ओतले, अंडी वगळली आणि भट्टीच्या दयेवर सोडून दिले. परिणामी कडेला करपलेली वाळू आणि मध्ये तेलाचे तळे. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की, एखादा जिन्नस काढण्याआधी तो तिथे काय काम करत होता, हे विचारले पाहिजे.

मैद्याचे काम सर्वांत सोपे निघाले. गव्हाच्या कणकेत पाणी घालून ती तिंबली की तिच्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून एक ताणदार जाळे तयार होते, तेच ग्लूटेन. पोळीची कणीक ताणली तर लांबते, ज्वारीच्या भाकरीचे पीठ ताणले तर तुटते, त्याचे कारण हेच. पण सारणाला ताण हवाच कशाला? तिथे मैदा असतो तो केवळ त्यातल्या पिठूळ अंशासाठी, फळांना सुटणारा रस शोषून घ्यायला. ते काम कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी तितकेच चोख करते. अंड्याचे काम अवघड. ते सारण बांधते, उष्णतेने घट्ट होते आणि तेल व पाणी यांचे भांडण मिटवते. लोणी चव देतेच, पण साखरेबरोबर फेटताना हवाही धरून ठेवते. तेलाला ते जमत नाही.

अंड्याला पर्याय शोधताना मला एका फ्रेंच गायकाची हकीकत सापडली. जोएल रोसेल याने 2014 साली दाखवून दिले की, शिजवलेल्या कडधान्याचे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसाळते. युरोप-अमेरिकेत त्याचे मोठे कौतुक झाले. आपल्याकडे पुरणाच्या डाळीचे असे पाणी ‘कट’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आमटीत जाते. ते फेटून पाहायचे कुणाला सुचले नाही, एवढेच! फ्रांजिपानला मात्र फेसापेक्षा चिकटपणा हवा. म्हणून मी जवस निवडला. जवसाची पूड पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत तिला बुळबुळीत चीक सुटतो आणि तो सारण बांधून ठेवतो.

हे सगळे आधुनिक खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे बदामाचे दूध. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी 1390 च्या सुमारास जो पाकग्रंथ सिद्ध केला, त्यात बदामाचे दूध पानोपानी भेटते. ज्यांना लोण्यावाचून राहवेना, त्यांनी चर्चला पैसे भरून परवानगी घ्यावी. फ्रान्समधल्या रूआँ येथील कॅथीड्रलचा 1485 साली बांधायला घेतलेला मनोरा अशाच पैशांवर उभा राहिल्याचे सांगतात, आणि आजही तो ‘लोण्याचा मनोरा’ म्हणूनच ओळखला जातो. अर्थात त्या उपवासाला गहू चालत असे.

आणि आपला उपवास? आपल्याकडे दूध-तूप चालते, पण गहू चालत नाही. वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा यांपैकी कशातच ग्लूटेन नसते. म्हणजे त्यांच्या उपवासाने माझ्या मैत्रिणीची सोय शतकांपूर्वी केली होती आणि आपल्या एकादशीने माझ्या बहिणीची. बदाम तर दोन्हीकडे चालतो. हे ध्यानात आले आणि मी कॉर्नफ्लोअरचा डबा बाजूला ठेवून शिंगाड्याचे पीठ काढले.

योगायोग असा की, या दोन्ही पथ्यांच्या आजच्या रूपात 1944 हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला. त्याच हिवाळ्यात युद्धग्रस्त हॉलंडात दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. इतर मुले भुकेने खंगत असता सिलिअ‍ॅकची मुले त्या काळात सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डिकेने 1950 साली आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष सिद्ध करून दाखवला. त्यापूर्वी या मुलांपैकी कितीतरी दगावत असत.

आता कृती. नऊ इंची टार्टला दीडशे ग्रॅम बदाम घ्यावेत. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलावेत आणि पूर्ण वाळवावेत. शंभर ग्रॅम साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत. सलग फिरवले तर बदामाला तेल सुटून लगदा होतो, कारण त्याचे निम्मे वजन तेलाचेच असते. (माझ्या पहिल्या तळ्याचे हेही एक कारण.) पुडीत पंचवीस ग्रॅम शिंगाड्याचे पीठ, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल घालावी. चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून ती, पाच-सहा चमचे बदामाचे दूध आणि पन्नास ग्रॅम पातळ केलेले खोबरेल तेल आधी एकत्र घोटावे आणि मगच पुडीत मिसळावे. हा क्रम चुकवू नये. तेल एकदम ओतले की ते वेगळे पडते. सारण श्रीखंडाइतके दाट हवे. अर्धा तास थंड जागी ठेवल्यास खोबरेल आवळून येते आणि सारण पसरायला सोपे जाते. सुगंधासाठी कडू बदाम मात्र वापरू नयेत. त्यांचा वास मोहक असला तरी त्यांतून विषारी सायनाइड तयार होते.

पारी तांदळाची पिठी, बदामाची पूड आणि खोबरेल यांची. ती लाटता येत नाही, बोटांनीच साच्यात दाबावी. फळे कमी रसाची घ्यावीत. मी पुरंदरची अंजिरे उभी चिरून लावली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्यायचीच असेल तर ती भाजल्यानंतर मांडावी, नाहीतर खाली चिखल होतो. 180 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटांत वरून बदामी रंग येतो. गरम असताना कापू नये. सारण निवताना घट्ट होते.

कृतीपेक्षा जास्त वेळ गेला तो स्वच्छतेत. दहा लाख भागांत वीस भागांहून कमी ग्लूटेन असेल तरच पदार्थाला ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणता येते. आपल्या घरातली कणकेची चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ राहतेच. म्हणून मी चाळणी वापरलीच नाही, साचा नवा आणला, मिक्सरचे भांडे तीनदा घासले आणि त्या दिवशी घरात पोळ्या होऊ दिल्या नाहीत. आईने ‘एका टार्टपायी किती सोवळे!’ असा शेरा मारला, पण भात लावला.

मेळाव्यात बहीण डबा मांडीवर घेऊनच बसली होती. तुकडा पुढे केला तेव्हा म्हणाली, “ताई, यात काय काय आहे ते आधी सांग.” मी एकेक जिन्नस सांगितला, डबे कुठून आणले तेही सांगितले. तिने चाळणीबद्दल विचारले. मग खाल्ला. माझ्या मैत्रिणीने तोवर दुसरा तुकडा उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला तेव्हा मी घाबरतच उचलला. पोट अगदी ठीक होते. उरलेला तुकडा कुणी खाल्ला, एवढेच तिला विचारायचे होते.