बार्टोलोमे : छोटी वाट, खडी चढण

कुठे? इक्वाडोरच्या गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९५९), सांतियागो बेटाला लागून. क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस किलोमीटर. डार्विनचा ‘बीगल’वरचा सहकारी बार्थोलोम्यू सलिव्हन याचे नाव या बेटाला मिळाले.

चढण : धक्क्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ६०० मीटर, माथ्याची उंची ११४ मीटर. साडेतीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या. सावली कुठेच नाही, त्यामुळे सकाळी लवकर चढावे. टोपी आणि पाणी हवेच.

पायऱ्या कशासाठी? उतार ज्वालामुखीच्या सुट्या राखेचा आहे. पावलांनी ती घसरते, धूप वाढते. म्हणून वाट जमिनीपासून उचलून घेतली आहे.

वाटेत पाहा : राखाडी टिक्विलियाची झुडपे राखेत अंतराअंतराने उगवतात, पानांवरची बारीक लव ऊन परतवते. लाव्हा निवडुंगाची कोवळी टोके पिवळी असतात, जुने खोड काळपट.

माथ्यावरून : दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकृती किनारे, मधोमध पिनॅकल रॉकचा सुळका. त्याच्या पायथ्याशी गॅलापागोस पेंग्विन दिसू शकतात. विषुववृत्ताजवळ ते तग धरतात ते थंड सागरी प्रवाहांमुळे.

नियम : अधिकृत मार्गदर्शक सक्तीचा. प्राण्यांपासून किमान दोन मीटर अंतर. खाद्यपदार्थ नेऊ नयेत. दगड, शिंपला काहीही उचलू नये. फोटोसाठीसुद्धा पायरी सोडू नका; नुकत्याच रुजलेल्या झुडपाला एक पाऊलही भारी पडते.