किरणोत्सर्गदूषित बेटांवरील पुनर्वसन : मात्रेचा अंदाज

अणुस्फोट चाचण्यांमुळे दूषित झालेल्या बेटावर मूळ रहिवासी परतल्यास त्यांना वर्षाकाठी व आयुष्यभरात किती किरणोत्सर्ग मात्रा मिळेल, याचे आगाऊ गणित. पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी या कंकणद्वीपासंबंधी ते विशेष तपशिलाने झाले आहे. १९४६ मध्ये तेथील १६७ रहिवाशांना अमेरिकेने अन्यत्र हलविले आणि १९५८ पर्यंत २३ चाचण्या केल्या. १ मार्च १९५४ रोजीच्या सु. १५ मेगॅटन शक्तीच्या ‘ब्राव्हो’ स्फोटाने सर्वांत जास्त दूषण झाले.

बाह्य मात्रा मुख्यत्वे जमिनीतील सीझियम–१३७ मुळे येणाऱ्या गॅमा किरणांची असते. घर, माडांची बाग, किनारा अशा ठिकाणी मापन करून, तेथे माणूस किती वेळ असतो त्या मानाने तिचा हिशेब करतात. घराभोवती प्रवाळाची खडी पसरल्यास ती घटते. आंतरिक मात्रा अन्नातून येते व तीच येथे प्रमुख आहे. बिकिनीची माती प्रवाळजन्य असून तीत चिकणमाती जवळजवळ नाही, पोटॅशियमही अत्यल्प आहे. त्यामुळे रासायनिक दृष्ट्या पोटॅशियमसारखे असणारे सीझियम मुळे सहज शोषून घेतात व ते नारळ, नीरफणस आणि केवड्याच्या प्रजातीतील फळे यांत उतरते. माशांचा वाटा अल्प आहे. साहजिकच माणूस रोज किती नारळ खातो व किती शहाळी पितो, या साध्या आकड्यावर सर्व गणित अवलंबून राहते.

नेमका हाच आकडा चुकला. १९६८ मध्ये बेट राहण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर झाले. नारळाची नवी लागवड करण्यात आली व १९७० नंतर काही कुटुंबे परतली. अंदाजात स्थानिक नारळाचा वापर फारच कमी धरलेला होता. परंतु दारचे माड फळांवर आल्यावर लोक नारळ खाणारच. सर्वदेह गणित्राने केलेल्या मापनांत रहिवाशांच्या शरीरातील सीझियम बरेच वाढल्याचे आढळले आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. गणिताचा पडताळा असा माणसांच्या शरीरावर झाला.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या १९९८ च्या अहवालानुसार, केवळ स्थानिक अन्न खाल्ल्यास वार्षिक मात्रा सु. १५ मिलिसिव्हर्ट होईल. म्हणून उपाययोजनेवाचून कायम वस्ती करू नये. वरची माती खरवडून काढल्यास तिची सुपीकताही जाते. त्यापेक्षा पोटॅशियमयुक्त खत देणे सोयीचे असून त्याने फळांतील सीझियम पुष्कळ कमी होते. मात्र सीझियम–१३७ चे अर्धायुष्य सु. ३० वर्षे असल्याने खत पुनःपुन्हा द्यावे लागते.