तिसऱ्या दशांश स्थानी दडलेला वायू

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी रोग आणि औषधे सोडून काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह होता. महाविद्यालयात शिकलेले रसायनशास्त्र मी बव्हंशी विसरलो आहे. परंतु त्यातील एक कथा व्यवसायात सतत सोबत राहिली. तीच येथे सांगतो.

पदार्थ कशाचे बनले आहेत आणि ते एकमेकांत कसे परिवर्तित होतात, याचा अभ्यास म्हणजे रसायनशास्त्र. ही व्याख्या सहज पाठ होते. शास्त्रज्ञ निसर्गाला प्रश्न कसा विचारतात, हे मात्र उदाहरणावाचून कळत नाही.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले १८९२ च्या सुमारास नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळविलेला नायट्रोजन अमोनियाच्या साहाय्याने मिळविलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरे. फरक हजारात एक. दुसऱ्या कोणी तो मोजमापातील चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी तो वाढवून पाहिला. अमोनियाच्या पद्धतीतही बराचसा नायट्रोजन हवेतूनच येत होता. म्हणून त्यांनी हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरला. फरक दोनशेत एक झाला! लिटरला एकाचे वजन सुमारे १.२५७ ग्रॅम, तर दुसऱ्याचे १.२५१.

मग एकेक शंका तपासली गेली. हलक्या वायूत हायड्रोजन राहिला असेल काय? त्यांनी जड वायूत मुद्दाम हायड्रोजन मिसळून तो नेहमीप्रमाणे शुद्ध केला. घनता बदलली नाही. शंका फिटली. १८९४ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी हवेतील नायट्रोजन तप्त मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेला. नायट्रोजन शोषला गेला, तरी थोडा वायू उरलाच. त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. हाच आर्गन, ग्रीक भाषेत अर्थ ‘आळशी’. हवेत तो सुमारे ०.९३ टक्के असतो. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्येच असा एक उरलेला बुडबुडा प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला होता. त्याचा अर्थ शतकानंतर लागला. रॅले आणि रॅम्झी यांना १९०४ मध्ये अनुक्रमे भौतिकशास्त्राचे व रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम ६.८ आले. ईसीजी निर्दोष, मूत्रपिंडांचे कार्य उत्तम. ‘नमुना बिघडला असेल’ असे म्हणून मी तो अहवाल बाजूला सारला. तीन आठवड्यांनी दुसराही तसाच आला, तेव्हा रॅले आठवले. एकाच वेळी घेतलेल्या रक्ताचे सीरम आणि प्लाझ्मा दोन्ही तपासविले. प्लाझ्मातील पोटॅशियम अगदी सामान्य! प्लेटलेट्स दहा लाखांच्या वर होत्या आणि नळीत रक्त गोठताना त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर पडत होते. त्यामागचा अस्थिमज्जेचा विकार वेळेत सापडला. तथापि ते तीन आठवडे माझ्या नावावर जमा आहेत.

आज एंडोस्कोपी करताना रक्तस्राव थांबविण्यासाठी आपण आर्गन प्लाझ्मा वापरतो. तो ‘आळशी’ वायू त्या वेळी एवढेच सुचवितो: न जुळणारा आकडा खोडण्यापूर्वी त्याला एकदा प्रश्न विचारावा. आपल्या तरुण सहकाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे, एवढीच नम्र अपेक्षा.