सहा प्लास्टरे आणि चार वर्षांच्या रात्री

घरात मूल जन्माला येते. परिचारिका ते पुसून आईच्या कुशीत देते आणि आईची नजर चेहऱ्यावरून उतरत उतरत पायांशी येऊन थांबते. एक पाऊल, कधी दोन्ही पावले, आत वळलेली असतात. टाच वर ओढलेली आणि तळवा दुसऱ्या पायाकडे पाहणारा. वाचकहो, त्या क्षणी घरात जे पहिले वाक्य उच्चारले जाते ते बहुधा वैद्यकाचे नसते. “ग्रहणात हिने काही चिरले असेल!” उत्तर प्रदेश असो वा महाराष्ट्र, ठपका हाच आणि तोही आईवरच. वास्तविक सुमारे हजार बालकांमागे एक या दोषासह जन्मते, त्यांत मुलींपेक्षा मुलगे दुपटीने अधिक, आणि बहुतेकांच्या बाबतीत निश्चित कारण सापडत नाही. आईने विळी हाती घेतली की नाही, याची नोंद बालकाच्या पावलात होत नसते.

लखनौमध्ये अशा मुलांना घेऊन आईबाप किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात येतात. 1911 साली जेथे पहिले विद्यार्थी शिकू लागले, तीच ही घुमटांची जुनी संस्था. अस्थिरोगाची तिची इमारत गावात ‘लिंब सेंटर’ म्हणून ओळखली जाते. मराठी कानाला प्रथम वाटते, दारात एखादे कडुलिंबाचे झाड असावे! ‘लिंब’ म्हणजे इंग्रजीतील हात-पाय, हा उलगडा मागाहून होतो.

येथे येणाऱ्या बापाच्या मनात शस्त्रक्रियेची धास्ती असते. ती अनाठायी नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशा पावलावर मोठी शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात जगभर होता. सांध्यांची आवरणे व स्नायुबंध कापून पाऊल सरळ केले जाई. पण पुढे ते पाऊल पुष्कळदा ताठर होई आणि वय वाढेल तसे दुखू लागे. याला वेगळी वाट शोधली इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरांनी. स्पेनच्या मिनोर्का बेटावर 1914 साली जन्मलेला हा घड्याळजीचा मुलगा यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करीत होता. पुढे देशोधडीला लागून तो अमेरिकेतील आयोवा येथे पोहोचला. तान्ह्या मुलाचे स्नायुबंध लवचीक असतात. ते कापण्यापेक्षा हळुवार ताणून प्लास्टरात धरून ठेवावेत, हा त्यांचा सिद्धांत. अनेक वर्षे शल्यवैद्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेतील आईबापांनी इंटरनेटवरून एकमेकांना ही पद्धत कळविली, तेव्हा कोठे ती जगभर पसरू लागली. वैद्यकाच्या इतिहासात रुग्णाच्या नातलगांनी डॉक्टरांना वाट दाखविल्याची उदाहरणे फार नाहीत. हे त्यांपैकी एक.

उपचार जन्मानंतर काही दिवसांतच सुरू करता येतो. डॉक्टर पाऊल हाताने हळूहळू वळवितात आणि बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून, प्लास्टर घालतात. आठवड्याने ते काढून, पाऊल आणखी थोडे वळवून, दुसरे. बहुधा पाच-सहा प्लास्टरांत काम भागते. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी, कारण ती कोणी न सांगितल्याने आया रडलेल्या आहेत: पहिल्या प्लास्टरानंतर पाऊल अधिकच उलटे दिसते. तळव्याची खोल कमान आधी सोडवावी लागते, म्हणून तसे दिसते. ते बिघडलेले नसते.

मग ती शस्त्रक्रिया येते, जिच्या धास्तीने रात्री जागून काढलेल्या असतात. टाचेमागची आखडलेली शीर एका बारीक पात्याने तोडतात. तान्ह्या मुलाला तेवढाच भाग बधिर करून हे काही मिनिटांत उरकते. सहसा टाकाही लागत नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या बापाला मात्र ती मिनिटे मोजता येत नाहीत. ‘शीर तोडली’ हे शब्दच भयंकर. पण पुढच्या तीन आठवड्यांच्या प्लास्टरात ती शीर पुन्हा जुळून येते, आणि पूर्वीपेक्षा लांब होऊन.

या आठवड्यांत घरी करायचे काम साधे पण टाळता न येणारे असते. प्लास्टर भिजू द्यायचे नाही. बोटे दाबून सोडायची; ती पुन्हा गुलाबी झाली पाहिजेत. ती फिकट वा निळसर पडली, सुजली, किंवा प्लास्टराच्या आत सरकून दिसेनाशी झाली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे.

सहाव्या प्लास्टरानंतर सरळ पाऊल पाहून घरात पेढे वाटले जातात. आणि खरा धोका तेथेच असतो. पुढे दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी यांनी पावले बाहेरच्या दिशेने वळवून धरावी लागतात: पहिले तीन महिने दिवसातून तेवीस तास, नंतर मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी. दोष उलटण्याचे प्रमुख कारण डॉक्टरांचा हात नसून फळीवर ठेवून दिलेले हे बूट होत. मूल पहिल्या रात्री रडते. आजी म्हणते, “सोडा त्याला, बघा कसा तळमळतोय!” लखनौची थंडी, धुके आणि त्यात पायांत दांडी, दयेने बूट काढणारा हात दुष्ट नसतो, पण त्याची किंमत पुढे त्या मुलालाच मोजावी लागते. आजीलाही रुग्णालयात बरोबर घेऊन जावे, असे मला वाटते.

खर्चाची चिंता असेल तर एक माहिती उपयोगी पडेल. 2013 च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे आणि त्यातील उपचार विनामूल्य आहेत. आशा कार्यकर्तीस वा आरोग्य केंद्रात विचारावे, आणि बाळ लहान असतानाच विचारावे.

तीन-चार रात्री गेल्या की मुलाला युक्ती सापडते. एकेक पाय हलत नाही, तर ते दोन्ही पाय एकदम उचलते आणि दांडी खाटेवर धाडकन आपटते. शेजारी झोपलेला बाप दचकून उठतो, चाचपडत बुटाचा पट्टा घट्ट आहे ना ते पाहतो, आणि पुन्हा आडवा होतो.