नाच कोणाचा, नाव कोणाचे?

शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या लावण्या फडावर उभ्या करणाऱ्या पवळाबाई हिवरगावकर मात्र विस्मरणात गेल्या. त्या संगमनेर तालुक्यातील महार कलावंत, बापूराव ब्राह्मण. दोघांनी मिळून तमाशा गाजवला.

महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. जातीने लादलेला नाच आणि स्वतः निवडलेली कला यांतला फरक इथे समजून घ्यावा लागतो.

वर्ध्यातील तरुणांनो, जयंतीला मित्रमैत्रिणींसोबत नृत्यनाट्य बसवताना एवढे तपासा: निर्णय कोणाचा, मानधन कोणाला, पत्रकावर नर्तकीचे नाव आहे का?