अग्निशमनाची विद्या व तिचें प्रमाणपत्र

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें घरांतील वडील मंडळी आपणांस लहानपणापासून सांगत आली आहेत. परंतु आगीच्या बाबतींत आपण सारेच ऐन तहानेच्या वेळीं कुदळ शोधूं लागतों. घराला आग लागली म्हणजे बंब बोलवावा, आणि बंब आला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बंबाबरोबर येणारीं माणसें कोठून येतात, तीं काय शिकलेलीं असतात, त्यांची परीक्षा कोण घेतो, आणि त्या शिक्षणाचा आपल्या घराशीं कांहीं संबंध पोंचतो कीं काय, याचा विचार क्वचितच कोणी करितो. तो विचार करावा असें या लेखांत योजिलें आहे.

आग विझविणें ही पूर्वीं विद्या मानली जात नसे. ज्याच्या अंगांत बळ व हातांत घागर, तो आग विझवी. ही समजूत मोडणाऱ्यांत जेम्स ब्रेडवुड या गृहस्थाचें नांव अग्रभागीं आहे. १८२४ सालीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरानें आपलें अग्निशामक दल उभारलें व अवघ्या चोवीस वर्षांच्या ब्रेडवुडला त्याचा मुख्य नेमिलें. त्यानें माणसें निवडलीं तीं गवंडी, सुतार, छपरें शाकारणारे, नळ बसविणारे अशा धंद्यांतलीं. कारण इमारत उभी कशी राहते हें ज्याला ठाऊक, त्यालाच ती पडणार केव्हां हें आधीं कळतें. त्यांची कवायत तो पहाटेच्या अंधारांत घेई. आग कांहीं उजेड पाहून लागत नाहीं, तेव्हां अंधारांत हात चालण्याची संवय हवीच. १८३० सालीं त्यानें लिहिलेल्या ग्रंथाच्या नांवांतच बंबांच्या रचनेबरोबर बंबवाल्यांच्या शिक्षणाचाही उल्लेख आहे. पुढें १८३३ सालीं तो लंडनच्या दलाचा मुख्य झाला, आणि १८६१ सालीं टूली स्ट्रीटच्या प्रचंड आगींत भिंत कोसळून कामावर असतांनाच मरण पावला. त्यानें घालून दिलेली शिस्त मात्र टिकली. १९१८ सालीं इंग्लंडांत अग्निअभियंत्यांची संस्था स्थापन झाली आणि या विषयाच्या रीतसर परीक्षा होऊं लागल्या. आग विझविणें हा केवळ धाडसाचा प्रकार राहिला नाहीं. तो अभ्यासाचा विषय झाला.

आपल्याकडे या विषयाची आठवण दरवर्षीं एप्रिल महिन्यांत होते. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज उभें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन दारूगोळा, कापसाच्या गांठी आणि सोन्याच्या लगडी असा विलक्षण माल भरलेला होता. दुपारीं दोनच्या सुमारास कापसांतून धूर दिसूं लागला. बंब आले, जवानांनीं पाण्याचा मारा केला. परंतु दाट धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना, आणि ओतलेलें पाणीच आंत उकळूं लागलें. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. या अनर्थांत शेंकडों नागरिक मेले आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असतां मृत्युमुखीं पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशामक दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवशीं जवानांचें शौर्य कोठेंही कमी पडलें नाहीं. कमी पडलें तें निराळेंच कांहीं. जहाजाचा अधिकारी वेगळा, गोदीचा वेगळा, दारूगोळ्याचा जाणकार वेगळा, दलाचा मुख्य वेगळा. जहाज बुडवावें कीं बाहेर ओढून न्यावें याचा निर्णय एका मुखानें देणारा कोणी नव्हता, आणि मोलाचा वेळ निघून गेला. म्हणूनच आजच्या शिक्षणांत नळी धरण्याइतकेंच महत्त्व 'हुकूम कोणाचा चालावा' या प्रश्नास दिलें जातें. पहिला अधिकारी पोंचला कीं सूत्रें त्याच्या हातीं. वरिष्ठ आला म्हणजे तीं त्याच्याकडे स्पष्ट शब्दांत सोंपवावयाचीं. हा साधा नियम शिकावयाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

स्वातंत्र्यानंतर या विद्येचें मुख्य पीठ महाराष्ट्रांतच उभें राहिलें, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं उत्तर प्रदेशांतील रामपूर येथें निघालें व दुसऱ्याच वर्षीं नागपुरास आलें. तेथें कनिष्ठ अधिकाऱ्यांपासून विभागीय अधिकाऱ्यांपर्यंत निरनिराळ्या पायऱ्यांचे वर्ग चालत आले आणि अग्निअभियांत्रिकीची पदवी घेण्याचीही सोय झाली. सामान्य जवानाच्या शिक्षणासाठीं राज्याचें केंद्र मुंबईंत कालिना येथें आहे; त्याचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असतो. भूकंप, पूर, इमारती कोसळणें अशा आपत्तींसाठीं २००५ च्या कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल उभें राहिलें, त्याचीही प्रबोधिनी नागपुरासच आहे.

या वर्गांतून शिकवितात तरी काय? पहिला पाठ आगीच्या स्वभावाचा. जळण, उष्णता आणि प्राणवायु या तिहींच्या संगतीनें आग जगते. त्यांतील एक काढून घेतलें कीं ती मरते. लांकूड-कापडासारखे घन पदार्थ, तेलासारखे द्रव, स्वयंपाकाच्या गॅससारखे वायु आणि जळणारे धातु या प्रत्येकाची आग निराळी, म्हणून तिचा उपायही निराळा. दुसरा पाठ पाण्याचा. पाण्याची वाफ झाली म्हणजे तें सुमारें सतराशें पट जागा व्यापतें. म्हणून बंद खोलींत अविचारानें पाणी मारणारा जवान आगीनें नव्हे, तर स्वतःच केलेल्या वाफेनें भाजतो. दार उघडण्यापूर्वीं हाताच्या पाठीमागल्या बाजूनें त्याची ऊब पाहावी, धुरांत ताठ उभें न राहतां जमिनीलगत सरकावें, आंत एकट्यानें कधींही जाऊं नये, हे पुढचे पाठ. श्वसनयंत्र पाठीशीं बांधून काळोख्या, धुरानें भरलेल्या खोलींतून वाट काढावयाची. कोण केव्हां आंत गेला व त्याच्या नळकांड्यांत हवा किती, याची नोंद बाहेर एकानें फळ्यावर ठेवावयाची. शिडी लावणें, दोराच्या गांठी मारणें, बेशुद्ध माणसास खांद्यावर घेऊन उतरणें, हें तर रोजचेंच. एकच कृति शेंकडों वेळां करवून घेतात. भीतीनें बुद्धि थिजते तेव्हां हातांनीं तरी आपलें काम विसरूं नये, हा त्यांतील हेतु.

आतां प्रमाणपत्राविषयीं. कागदाचा मोह आपल्या सुशिक्षित समाजांत मोठा आहे. 'अग्नि व सुरक्षा' या नांवाचे पदविका-वर्ग आज गांवोगांव निघालेले दिसतात, आणि नोकरीच्या आशेनें पालक मुलांची फी भरतात. अशा वेळीं तीन प्रश्न विचारावे. या प्रमाणपत्रास कोणत्या सरकारी खात्याची मान्यता आहे? कवायतीचें मैदान, शिडी, नळी व श्वसनयंत्र संस्थेजवळ आहे, कीं केवळ फळा व खडू? आणि मुलाची उंची, दृष्टि, छाती दलाच्या भरतीच्या नियमांत बसते काय? या प्रश्नांचीं उत्तरें फी भरण्यापूर्वीं मिळवावीं. ज्या वर्गांत घाम गाळावा लागत नाहीं, त्या वर्गाचा कागद आगीपुढें केवळ जळण ठरतो. शिवाय खरें प्रमाणपत्र देखील जन्मभर पुरत नाहीं. गवयाचा रियाज सुटला कीं सूर ढळतो, तसाच जवानाचा सराव सुटला कीं हात ढळतो. म्हणून चांगल्या दलांत उजळणी सतत चाललेली असते.

आणि शिक्षणाचीही एक सीमा आहे, ती विसरतां कामा नये. ९ मे २०१५ रोजीं मुंबईच्या काळबादेवी भागांतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली व ती कोसळली. त्या दुर्घटनेंत दलाचे मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई असे चार अनुभवी अधिकारी आपण गमावले. कांहीं तत्काळ गेले, कांहीं इस्पितळांत झुंज देऊन. विद्येनें पारंगत अशीं हीं माणसें होतीं. विद्या जुन्या इमारतीला टेकूं देऊं शकत नाहीं. आग लागूंच नये, लागली तर पसरूं नये, याची तजवीज इमारतींत राहणाऱ्यांनींच आधीं केली पाहिजे. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा हेंच सांगतो. इमारतींतील अग्निशमनाचीं साधनें चालूं स्थितींत असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र दरवर्षीं जानेवारी व जुलै महिन्यांत देण्याची जबाबदारी त्यानें मालक अथवा भोगवटादारावर टाकिली आहे. आपल्या सोसायटीच्या सभेंत रंगाचा खर्च, पाण्याची टाकी, वाहनांची जागा यांवर तासन् तास वाद होतो. हें प्रमाणपत्र कोणीं पाहिलें आहे काय, असा प्रश्न एखाद्यानें तरी विचारावा.

एक नाजुक गोष्टही येथें बोलली पाहिजे. आपल्या घरांत मुलगा डॉक्टर व्हावयाचें म्हणाला तर पेढे वांटले जातात. बंबावर जावयाचें म्हणाला तर आजोबांपासून आत्यापर्यंत सर्वांची समजूत घालावी लागते. आणि मुलगी म्हणाली तर? २००२ सालीं नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर या तरुणीनें वर सांगितलेल्या महाविद्यालयांत प्रवेश घेतला. तोंवर तेथें एकही मुलगी शिकली नव्हती. तीच कवायत, तोच गणवेष, तोच नळीचा भार उचलून ती २००६ सालीं पदवीधर झाली व भारतांतील पहिली महिला अग्निशामक म्हणून तिचें नांव झालें. घरच्यांनीं त्या वेळीं 'लोक काय म्हणतील' याचाच हिशेब केला असता, तर हा मार्ग कित्येक वर्षें बंद राहिला असता. काळजी वाटणें आईबापांस शोभतें. परंतु दुसऱ्यांच्या मुलांनीं आपल्यासाठीं आगींत शिरावें आणि आपल्या मुलांनीं तें काम कमी प्रतीचें मानावें, हें मात्र शोभत नाहीं.

सर्वांनींच दलांत जावें असें नाहीं. पण बंब येईपर्यंतचीं पहिलीं कांहीं मिनिटें घरच्याच माणसांचीं असतात, आणि तेवढ्यापुरतें शिक्षण प्रत्येक घरांत असावें. कढईंतील तेल पेटलें तर त्यांत पाणी ओतूं नये. शेगडी बंद करून वर झांकण सारावें. गॅसचा वास आला तर विजेचें बटण चालूंही करूं नये, बंदही करूं नये. तो वायु हवेहून जड असून खालीं साचतो, म्हणून दारें-खिडक्या उघडून सर्वांनीं बाहेर पडावें. अंगावरील वस्त्र पेटलें तर धांवूं नये, जमिनीवर लोळावें. भाजलेल्या जागीं शाई, दंतमंजन लावण्याचा घरगुती मोह टाळून गार वाहतें पाणी धरावें. कोणाचा श्वास व नाडी थांबली तर छातीच्या मध्यभागीं मिनिटास शंभर ते एकशेंवीस दाब देण्याची कृति शिकून ठेवावी. प्रथमोपचाराच्या वर्गांत ती थोड्या अवधींत येते. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें प्रथमोपचाराची पेटी प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाच्याच हवालीं केली होती. जी काळजी कारखान्यास आवश्यक वाटली, ती दहापंधरा माणसांच्या घरास अनावश्यक कशी?

एकत्र कुटुंबांत एकानें शिकावें व दहांना शिकवावें, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. येत्या सुटींत घरांतील एका तरुण मुलानें अथवा सुनेनें प्रथमोपचाराचा वर्ग करावा, १०१ व ११२ हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लावावे, आणि जिना अडविणारी जुनी खाटलीं व रद्दीचे गठ्ठे त्याच दिवशीं हलवावे. विहीर खणावयाची ती अशीच, पाण्याची निकड नसतांना.