चंद्र भरतो ते जाळे

नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी घरच्या पंचांगावरून डहाणूच्या कोळ्यांचे काम ताडता येते. उत्तर कोकणात बोंबील डोल जाळ्याने धरतात. हे पिशवीसारखे जाळे होडी ओढत नाही. ते एका जागी बांधून तोंड प्रवाहाकडे ठेवतात. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहते, मासे आत अडकतात. प्रवाह उलटण्यापूर्वी जाळे उचलावे लागते.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. प्रवाहाला जोर चढतो. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, प्रवाह मंदावतो. हा भांग.

मात्र जाळ्याची वीण बारीक असली, की पापलेटची पिलेही सापडतात. मग उद्या मोठे पापलेट कोठून येणार? जाळे चंद्र भरतो. वीण किती ठेवायची, ते माणसाने ठरवायचे. आज तिथी कोणती, पाहा बरे!